बर्फाच्या कारखान्यावरच्या दोन खोल्या

भाडं साडेचार हजार. पाणी वेगळं.
मुकादम म्हणाले, "खाली बर्फाचा कारखाना.
रात्रभर घरघरतो, आधीच सांगितलेलं बरं.
तुमच्याआधीचे मास्तर तीन महिन्यांत पळाले."
मी म्हटलं, चालेल.
अकरा वर्षं डब्लिनमध्ये
उशीखाली फोन घेऊन झोपले होते मी.
कुणाच्या तरी बँकेचं यंत्र
पहाटे तीनला शिंकलं
की चूळही न भरता उठून
त्याची नाडी बघायची.
त्याचाच पगार होता.

हर्णैत माझं कोणी नाही.
आम्ही अकोल्याचे. समुद्र आमच्याकडे
भूगोलाच्या पेपरात यायचा, पाच मार्कांना.
"मग इथंच का?" पोस्टातल्या दळवीबाईंनी विचारलं,
तेव्हा खरं ते सांगून टाकलं:
साठवलेल्या पैशांत इथे चौदा वर्षं निघतात.
"आणि पंधराव्या वर्षी?" त्या म्हणाल्या,
आणि ठप्पा मारून पुढचं पाकीट घेतलं.

पहिला महिनाभर सगळं युरोत मोजत होते.
दापोलीला दाढ काढली आठशे रुपयांत.
मनातल्या मनात भागाकार झाला आणि
तोंडात कापसाचा बोळा असताना
मला हसू आवरेना.
डॉक्टरीणबाई घाबरल्या.

संध्याकाळी बंदरावर लिलाव उरकला
की वाळूत मांदेलीचे वाटे लागतात.
नफीसा सोलकर म्हणाली, "शंभर."
मी शंभर काढले.
तिनं नोट घेतली नाही.
"घासाघीस कर ना गो!
तू अशी देत सुटलीस
तर उद्या सगळ्यांना हाच भाव.
खोलीचंही तेच केलंस.
मास्तर तीन हजार द्यायचे."
मग नोट घेतली, रागानंच,
आणि मासळी पिशवीत उलटी केली.

त्या रात्री 'स्वस्त' या शब्दाकडे
मी बराच वेळ बघत बसले.
खाली घरघर चालू होती.

मग मार्गशीर्षात एकदा, तीनच्या सुमाराला,
ती थांबली.

जाग यायच्या आधीच मी जिन्यात होते.
हातात फोन, एका पायात चप्पल,
छातीत ते जुनं ढोलकं.
खाली गजा पावसे बाकड्यावर बसलेला,
बॅटरीच्या उजेडात बिडी सोलून तंबाखू काढत होता.
"काय झालं?"
"लाईट गेली."
"कधी? किती वेळ लागेल? कुणाला कळवलं?"
"कुणाला कळवू? सगळ्यांचीच गेलीय."
"आणि बर्फ?"
त्यानं माझ्याकडे नीट बघितलं,
आजारी माणसाकडे बघावं तसं.
"बर्फ घट्ट असतो बाई.
कडेकडेनं पाघळेल थोडा."
आणि बाकड्यावर सरकून जागा केली.

बसले. अमोनियाचा उग्र वास,
कुठेतरी थेंब थेंब.
आणि मग तो आवाज,
जो मी आधी कसलातरी पंप समजले.
चार महिने राहतेय मी इथे,
समुद्रापासून दोनशे पावलांवर,
आणि यंत्राखाली तो
मला कधी ऐकूच आला नव्हता.
गजाला सांगितलं नाही. त्याला काय त्याचं.

सव्वाचारला दिवे आले. यंत्र खोकलं, लागलं.
गजा उठला, मी वर आले.
बोटं अजून अहवाल शोधत होती:
कारण, उपाय, जबाबदार व्यक्ती.
दुधाच्या हिशोबाच्या वहीत शेवटी लिहिलं,
कारण: लाईट गेली.
उपाय: आली.
जबाबदार व्यक्तीची ओळ कोरी ठेवली
आणि सकाळी नऊपर्यंत मेल्यासारखी झोपले.

संध्याकाळी नफीसा म्हणाली, "शंभर."
"साठ," म्हटलं मी. आवाज चिरकला.
शेजारच्या दोघी वळून बघायला लागल्या.
तिनं माझा, माझ्या खानदानाचा,
अकोल्याच्या पाण्याचा उद्धार केला.
ऐंशीला सुटलं.

चौदा वर्षांतले
वीस रुपये वाचले.